भाड्याच्या होडीतून खोल समुद्रात

समुद्राच्या काठी राहणे आणि समुद्र ओळखणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मुंबईकर गृहस्थ संध्याकाळी चौपाटीवर फिरावयास जातो, पावसाळ्यात कठड्यावर आपटणाऱ्या लाटा कौतुकाने पाहतो, रविवारी बाजारातून सुरमई किंवा पापलेट आणतो, आणि एवढ्या भांडवलावर आपला समुद्राशी जुना परिचय आहे असे समजतो. वस्तुतः त्याने पाहिलेला असतो तो घराचा उंबरठा. घरात कोण राहते, तेथील रीतिभाती काय, दिवे केव्हा लागतात आणि दारे केव्हा बंद होतात, हे उंबरठ्यावरून कळत नाही. मासेमारीची होडी दिवसभरासाठी भाड्याने घेऊन किनाऱ्यापासून दूर जाण्याचा योग मला प्रथमच आला. त्या एका दिवसात या घराचा जो थोडासा अंतर्भाग दिसला, त्याविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

हौसेखातर होडी भाड्याने घेऊन मोठ्या माशाच्या पाठीस लागण्याची पद्धत आपल्याकडील नव्हे. ती रूढ झाली अमेरिकेत, आणि तिच्या इतिहासात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील सांता कॅटालिना बेटाचे नाव प्रथम घ्यावे लागते. १८९८ साली तेथे चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या गृहस्थांनी काठी आणि बारीक दोरी यांच्या साहाय्याने १८३ पौंड वजनाचा ट्यूना मासा पकडला. झुंज जवळजवळ चार तास चालली आणि तेवढा वेळ मासा होडीला आपल्यामागे ओढीत होता. त्याच वर्षी होल्डर यांनी ॲव्हलॉन येथे या छंदाचा एक क्लब स्थापन केला, आणि जाड दोरीने मासा नुसता ओढून काढणे हा मर्दपणा नव्हे असे नियम घालून दिले. पुढे १९३९ साली अशा विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. होल्डर यांचे नाव इतिहासात राहिले. परंतु त्यांची होडी ज्या नावाड्याने सांभाळली, त्याचे नाव फारच थोड्या वाचकांच्या स्मरणात असेल. या छंदाची रीतच अशी आहे की, मासा सापडतो तो नावाड्याच्या ज्ञानाने आणि नोंदला जातो तो काठी धरणाऱ्याच्या नावावर. श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

'खोल समुद्र' या शब्दाविषयीही दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ एकदम खाली जात नाही. जमिनीचाच एक उतरता ओटा पाण्याखाली दूरवर पसरलेला आहे. मुंबईसमोर त्याची रुंदी सुमारे ३०० किलोमीटर आहे, आणि दक्षिणेकडे तो निमुळता होत जातो. या ओट्याची कड ओलांडल्यावरच भूगोलशास्त्रज्ञांच्या अर्थाने खोल समुद्र सुरू होतो. एका दिवसाच्या सफरीत तेथवर कोणी पोहोचत नाही. या ओट्यावर मात्र टेकड्या आहेत, खडक आहेत, चिखलाची मैदाने आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे, आणि त्याला सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून आंग्रिया बँक असे नाव पडले आहे. तेव्हा वरून सपाट दिसणारे हे पाणी म्हणजे झाकलेला एक मुलूखच होय. मासे त्या मुलखात कोठेही विखुरलेले नसतात. माणसांप्रमाणेच त्यांचीही गावे असतात.

आम्ही चौघे मित्र मालवणला गेलो तो माघ महिना होता. एक वकील, एक शिक्षक, एक औषधांचे व्यापारी आणि मी. होडीचे तांडेल साठीच्या घरातले, कमी बोलणारे, उन्हाने रापलेले गृहस्थ होते. त्यांचे वडील आणि आजोबा याच बंदरातून शिडाच्या होड्या हाकारीत. किनाऱ्यालगतचे मासे पूर्वीइतके मिळत नाहीत, डिझेल महाग झाले आहे, म्हणून हंगामात काही दिवस ते हौशी मंडळींना होडी देतात. सूर्योदयापूर्वी निघावयाचे आणि सूर्यास्ताला परतावयाचे, असा करार झाला. आमच्या वकीलमित्रांनी भाड्याच्या निम्मी रक्कम आगाऊ देऊन तो तोंडी करार पक्का केला.

आदल्या संध्याकाळी तांडेलांनी आम्हांला तिथी विचारली. आम्हांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती! त्यांनीच सांगितले की उद्या द्वादशी. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवसाच्या पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती, तेथून सहा तासांनी, तिसऱ्या प्रहरी, पूर्ण ओहोटी, आणि रात्री पुन्हा भरती. हा हिशेब मालवणात निव्वळ कुतूहलाचा नाही. बंदराच्या तोंडाशी आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्यात खडकच खडक आहेत. १६६४ साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडले, त्यात या खडकांचा मोठा वाटा होता. परक्या जहाजाला आत येण्याची वाट सापडत नसे. ज्या खडकांनी शत्रूला बाहेर ठेवले, ते मित्रालाही वेळ पाहूनच आत घेतात.

पहाटे साडेपाचला होडी निघाली. जमिनीवरून समुद्राकडे मंद, गार मतलई वारा वाहत होता. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची थंड हवा समुद्राकडे सरकते, आणि दिवस चढल्यावर हाच क्रम उलटतो. शिडांच्या काळात कोळी याच वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. निसर्गाने जणू त्यांच्या जाण्यायेण्याची सोय करून ठेवली होती. आता इंजिन आहे, तरी तांडेलांचे निघणे मतलईबरोबरच असते.

किल्ल्याचा तट काळ्या रेषेसारखा मागे पडला आणि होडी मोकळ्या पाण्यावर आली. येथे आमच्या शिक्षकमित्रांना बोट लागली. पुष्कळांना वाटते की बोट लागणे हा पोटाचा दोष आहे. खरे पाहता भांडण असते ते कान आणि डोळे यांचे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलत आहोत. होडीच्या फळीवर खिळलेले डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे. आणि या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळून जातो. त्यावरील गोळी होडीत चढण्यापूर्वी घ्यावी लागते, मागाहून तिचा उपयोग थोडाच. तांडेलांनी शिक्षकमहाशयांना उठवून नाळेपाशी उभे केले आणि दूरच्या डोंगरावरून नजर काढू नका असे सांगितले. अर्ध्या तासात त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. डोळ्यांना स्थिर काही मिळाले की दोन्ही साक्षी जुळतात, हे शरीरशास्त्र त्या तांडेलाने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

सूर्य वर येताच होडीच्या मागे दोन लांब दोऱ्या सोडल्या. त्यांच्या टोकाला चकाकणारे खोटे मासे आणि गळाजवळ हातभर तार. मुंबईची सुरमई ती मालवणची इसवण. तिचे दात वस्तऱ्यासारखे असतात आणि साधी दोरी ती एका चाव्यात तोडते, म्हणून ही तार. होडी मंद चालवावयाची, म्हणजे आमिष पळणाऱ्या तारलीसारखे दिसते. परंतु पळवावयाचे कोठे? याचे उत्तर पक्ष्यांनी दिले. उत्तरेकडे कुरव आणि सुरय यांचा एक थवा पाण्यावर घिरट्या घालीत होता. मोठे मासे खालून लहान माशांचा थवा वर रेटतात, आणि वरून पक्षी त्यांच्यावर झडप घालतात. तांडेल थव्यात शिरले नाहीत. त्यांनी वळसा घालून होडी त्याच्या कडेने नेली. मध्ये शिरलो असतो तर मासे खाली गेले असते.

एवढ्यात रीळ किंचाळू लागले. काठी माझ्या हाती होती. श्रोतेहो, त्या क्षणाचे वर्णन अनेकांनी अलंकारिक भाषेत केले आहे. मी एवढेच सांगेन की दोरीच्या पलीकडच्या टोकाला एक इच्छा आहे, आणि ती तुमच्या इच्छेच्या नेमकी विरुद्ध आहे, याची जाणीव मनगटापासून खांद्यापर्यंत होते. रिळाला एक दाब लावलेला असतो. दोरी जितका ताण सहन करील त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावरच तो सैल होतो व दोरी सोडतो. मासा धावला की धावू द्यावयाचा, थांबला की काठी उचलून खाली आणताना दोरी गुंडाळावयाची. जो घाई करतो त्याची दोरी तुटते. वीस मिनिटांनी इसवण होडीपाशी आली. निळसर पाठ, रुपेरी कूस, तिच्यावर पुसटसे आडवे पट्टे. वजन सहा किलोच्या आसपास भरले.

त्यानंतर तांडेल आम्हांला त्यांच्या 'गावी' घेऊन गेले. किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर, कोठेही काहीही दिसत नसता, त्यांनी इंजिन बंद केले. उपग्रहावरून स्थान दाखविणारे यंत्र होडीवर होते. ते त्यांनी पाहिलेही. पण आधी पाहिले ते सह्याद्रीकडे. जवळच्या एका डोंगराचा खांदा मागच्या शिखराच्या खाली नेमका आला, की ती एक रेषा. दक्षिणेकडे अशाच दुसऱ्या दोन खुणा जुळल्या, की ती दुसरी रेषा. आणि या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे, अठरा वाव पाण्याखाली, एक खडक. शाळेत शिकलेली भूमिती मला प्रथमच उपयोगात आणलेली दिसली. या खुणा त्यांना वडिलांकडून मिळाल्या होत्या. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, उपग्रहाने मोजलेल्या पाण्याच्या उष्णतामानावरून व रंगावरून, मासे कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना आज कोळ्यांना मिळते. तांडेल ती रोज पाहतात आणि तिला मानतात. "यंत्र गाव दाखयता," ते म्हणाले, "घर आपणच शोधूक होया."

घर सापडले. माकुलाचे तुकडे लावलेले गळ शिशाच्या वजनाने तळाशी गेले आणि तांबोशी व हेकरू वर येऊ लागले. येथे एक गोष्ट मी पाहिली, ती हौशी मंडळींनी मनन करण्यासारखी आहे. तळाशी पाण्याचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या चौपट असतो. तेथून मासा वेगाने वर आला म्हणजे त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, कधी कधी त्याचे जठर तोंडावाटे बाहेर येते. असा मासा दयाळूपणाने परत पाण्यात सोडला तरी तो बहुधा खाली जाऊ शकत नाही. सोडून देणे ही नेहमीच दया नव्हे. म्हणून तांडेलांचा नियम असा, की खडकावर लागेल तेवढेच घ्यावयाचे आणि उठावयाचे. हेकरूच्या अनेक जाती जन्मतः मादी असतात आणि वय वाढल्यावर नर होतात. एका खडकावरील मोठे मासे सगळे काढले तर मागे उरलेल्यांचा संसारच मोडतो.

परंतु मासे गळाला लागत असता "पुरे" म्हणणे शहरी माणसाला जड जाते. दहा वाजले होते. दिवस अर्धादेखील झाला नव्हता. आणि नेमक्या त्याच वेळी तांडेलांनी नांगर उचलण्यास सांगितले.

आम्हांला तर कोठे काहीच दिसत नव्हते. ऊन स्वच्छ होते. तांडेलांनी दाखविल्यावर दिसले ते इतकेच, की मतलई नेहमीपेक्षा लवकर पडली होती आणि वायव्येकडून एक लांब, संथ उसळी होडीखालून जाऊ लागली होती. वाऱ्याच्या आधी लाट येते. दुपारी तिकडून जोराचा वारा सुटणार, असा त्यांचा अंदाज होता.

वकीलमित्रांनी हरकत घेतली. ती हरकत अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. करार सूर्यास्तापर्यंतचा होता, होडी भक्कम होती, इंजिन चांगले होते, आणि सरकारी हवामानखात्याने त्या दिवशी कोणताही इशारा दिलेला नव्हता. त्यांनी हे सर्व मुद्देसूद मांडले. तांडेलांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "सायबानू, भाडा मी होडयेचा घेतलंय, दर्याचा नाय."

मग त्यांनी कारण सांगितले. भीती या मोकळ्या पाण्याची नव्हती. येथे वारा वाढला तरी होडी झेलील. भीती होती ती घराच्या दाराची. नऊला भरती झाली. बारा-साडेबारापर्यंत खडकांमधल्या वाटेवर पुरेसे पाणी राहील. तीनला पूर्ण ओहोटी. वायव्येची लाट त्या वेळी त्याच खडकांवर फुटेल आणि वाट बंद होईल. मग संध्याकाळी पाणी चढेपर्यंत बाहेरच थांबावे लागेल, आणि अंधारात, वाढलेल्या लाटांतून, चार नवख्या माणसांना घेऊन आत शिरावे लागेल. अर्ध्या दिवसाचे पैसे आपण परत देऊ, असेही त्यांनी आपण होऊनच सांगितले. नंतर ते सुकाणूपाशी गेले, आणि चर्चा तेथे संपली.

आम्ही बाराच्या सुमारास बंदरात शिरलो. दोन्ही बाजूंना खडक पाण्याखाली काळसर दिसत होते. होडी त्यांच्यामधून, ओळखीच्या गल्लीतून जावी तशी, वळणे घेत गेली. एकनंतर वारा सुटला. तिसऱ्या प्रहरी आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो तेव्हा त्या गल्लीच्या जागी पांढऱ्या फेसाची एक सलग भिंत उभी होती, आणि तिच्या बाहेर दोन होड्या नांगर टाकून हेलकावे खात होत्या.

अद्भुत कथेत येथे काही अनर्थ घडला असता. तसे काही झाले नाही. अंधार पडता पडता त्या दोन्ही होड्या भिजलेल्या पण सुखरूप आत आल्या. वकीलमित्रांनी ही गोष्ट माझ्या निदर्शनास आणली. ते म्हणाले, आपणही आलो असतो. हे खरे आहे, आणि तांडेलांना विचारले असते तर त्यांनीही ते नाकारले नसते. पण निर्णयाची किंमत परिणामावरून ठरविण्याची आपली सवय येथे थोडी बाजूला ठेवली पाहिजे. दहा वेळा जे सुखरूप पार पडते ते अकराव्या वेळी पडेल, याची हमी कोणी द्यावयाची? शिवाय त्या दिवशीचा निर्णय कोणी घेतला ते पाहा. मासे आमचे जाणार होते, पैसे त्यांचे जाणार होते. ज्याचे नुकसान होणार होते त्यानेच परतीचा हुकूम दिला, आणि ज्यांना भरपाई मिळणार होती ते आम्ही कुरकुर करीत होतो. वकीलमित्रांनी मात्र परत देऊ केलेले पैसे घेतले नाहीत. उरलेले संपूर्ण भाडे त्यांनी मोजून दिले, आणि दोघांपैकी कोणीही त्यावर भाष्य केले नाही.

शहरात आपण अनेक गोष्टी भाड्याने घेतो: घर, गाडी, दुसऱ्याचा वेळ. पैसे दिले म्हणजे त्या वस्तूबरोबर हुकमतही विकत मिळाली, असे मनाला हळूहळू वाटू लागते. वैद्याला फी देणाऱ्या रोग्याला आपल्या आवडीचे औषध हवे असते. शिक्षकाला पगार देणाऱ्या पालकाला आपल्या मुलाचे गुण वाढलेले हवे असतात. भाड्याची होडी या समजुतीला चांगली शिकवण देते. तेथे पैसे देऊन आपण विकत घेतो ते दुसऱ्याचे ज्ञान, आणि ज्ञानात "नाही" म्हणण्याचा अधिकार अंतर्भूत असतो. तो काढून घेतला तर उरते ती नुसती लाकडाची होडी.

ज्या श्रोत्यांना अशी सफर करावयाची इच्छा असेल त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. वादळी हवा आणि माशांचा विणीचा काळ, ही तिची दोन्ही कारणे सबळ आहेत. मतलई वाहते असे थंडीचे महिने नवख्याला सर्वांत सोयीचे. होडी ठरविताना भाड्याबरोबरच पकडलेल्या माशांची वाटणी आधी ठरवावी. आमच्याकडे एका जेवणापुरते आमचे आणि बाकीचे खलाशांचे असे ठरले होते, आणि ते सर्वांना रास्त वाटले. प्रत्येक माणसामागे तरंगणारे जाकीट आहे की नाही हे स्वतः मोजून पाहावे, आणि पाहून ठेवून न देता अंगात घालावे. आणि शेवटची गोष्ट: होडी केव्हा परत फिरणार हे कोण ठरवील, असा प्रश्न तांडेलाला आरंभीच विचारावा. "तुम्ही सांगाल तेव्हा" असे गोड उत्तर मिळाले, तर त्या होडीत बसू नये. "दर्या सांगेल तेव्हा" असे म्हणणारा तांडेल भेटला, तर मागेल ते भाडे द्यावे आणि निश्चिंत मनाने गळ टाकावा.